बे एके बे आणि किल्ल्याची भिंत

दोस्तांनो, हा लेख वाचायला घेण्याआधी एक काम करा. बेचा पाढा म्हणा. हो, हो, मोठ्यानं! घरातलं कुणी हसलं तर हसू द्या.

बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा... थेट बे दाहे वीसपर्यंत.

झाला म्हणून? आता सांगा, तुम्ही नेमकं काय केलंत? ‘पाढा म्हटला’ हे उत्तर चालणार नाही. नीट बघा. तुम्ही एकापासून सुरुवात केलीत. दहावर थांबलात. मधे दर वेळी एकेक आकडा पुढे सरकलात. आणि प्रत्येक आकड्याला एकच काम केलंत, त्याला दोननं गुणलंत. काम तेच, बदलला तो फक्त आकडा.

शाबास! तुम्ही आत्ता ‘फॉर लूप’ चालवलात. लूप म्हणजे फेरा, वेढा. संगणकाच्या जवळजवळ प्रत्येक भाषेत हा फेरा या ना त्या रूपात असतोच. मोठमोठे लोक कॉलेजात जाऊन तो शिकतात. आणि आपण? आपण पहिली-दुसरीतच चटईवर बसून, डुलत डुलत शिकलो. फक्त त्याचं हे नाव आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आज या फेऱ्यातून आपण एक किल्ला बांधणार आहोत. कुठला? आमच्या लोह्याच्या शेजारचा, कंधारचा!

चंद्र नावाची भाषा

किल्ला बांधायचा म्हणजे जागा हवी, दगड हवेत. आपल्याकडे दोन्ही नाहीत. म्हणून तो बांधायचा संगणकातल्या जगात.

अशी जगं आता पुष्कळ आहेत. ‘सेकंड लाइफ’ हे जग २००३ साली अमेरिकेतल्या लिंडन लॅब या कंपनीनं सुरू केलं. ‘रोब्लॉक्स’ २००६ साली आलं, ते तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मोबाइलवर खेळलं असेल. आणि २०१० साली फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी ‘माइनटेस्ट’ नावाचं ठोकळ्यांचं जग करायला घेतलं. २०२४ मध्ये त्याचं नाव बदलून ‘लुआंटी’ ठेवलं गेलं. हे लुआंटी फुकट मिळतं, जुन्यापान्या संगणकावरही चालतं आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी अडत नाही. आमच्या शाळेत एकच चालता संगणक आहे. त्यामुळे आम्हाला हेच सोयीचं पडलं.

या जगांत नुसतं हिंडायचं नसतं. तिथल्या वस्तूंना आज्ञा देता येतात. त्या आज्ञा लिहायच्या भाषेला स्क्रिप्टिंगची भाषा म्हणतात. सेकंड लाइफची स्वतःची वेगळी भाषा आहे. लुआंटीमध्ये चालते ती ‘लुआ’. रोब्लॉक्सची ‘लुआऊ’ ही तिच्यातूनच निघालेली बहीण. लुआ जन्मली १९९३ साली, ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरो शहरातल्या कॅथॉलिक विद्यापीठात. तिकडं पोर्तुगीज बोलतात आणि पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र! आहे की नाही गोड नाव?

दोनशे पाच दगड

कंधारचा किल्ला तुम्ही पाहिला आहे का? दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्ण या राष्ट्रकूट राजानं तो बांधला असं मानतात. तो डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. म्हणून त्याच्याभोवती खंदक आहे. आमच्या सहावीच्या मुलांची तिथं सहल गेली होती. परत आल्यावर मुलांनी एकच धोशा लावला, ‘‘सर, आपण हा संगणकात बांधू!’’

लुआंटीमध्ये सगळं जग ठोकळ्यांचं असतं. एक ठोकळा एक मीटरचा. प्रत्येक ठोकळ्याच्या जागेला तीन आकडे: एक्स म्हणजे आडवं किती, वाय म्हणजे उंच किती आणि झेड म्हणजे पुढे-मागे किती. (सेकंड लाइफमध्ये मात्र उंची झेडनं मोजतात. तिकडं गेलात तर गोंधळू नका!)

पहिल्या शनिवारी मुलांनी हातानं भिंत बांधायला घेतली. एकेक ठोकळा टिचकी मारून ठेवायचा. नंबर लावून, आळीपाळीनं. अर्धा तास झाला, भिंत गुडघ्याएवढी. एक जण बोटं मोडत म्हणाला, ‘‘सर, हे लई हाय. सोपं काही नसतंय का?’’

असतंय की! मी त्यांना बेचा पाढा म्हणायला लावला. मग फळ्यावर लिहिलं:

फॉर एक्स = ०, ४० डू
  दगड_ठेव(एक्स, १, ०)
एंड

संगणकात हे सगळं इंग्रजी अक्षरांत लिहायचं असतं. मी तुमच्यासाठी आपल्या अक्षरांत दिलं आहे. ‘दगड_ठेव’ ही आज्ञा मी आधी वेगळी लिहून ठेवली होती. तिच्या पोटात लुआंटीची स्वतःची ‘सेट नोड’ ही आज्ञा आहे. तिचा अर्थ, ‘या जागी हा ठोकळा ठेव’.

आता वाचू. ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’. एक्सच्या शून्यापासून चाळीसपर्यंतच्या प्रत्येक आकड्यासाठी, ‘डू’ म्हणजे कर. काय कर? त्या जागी पहिल्या थरावर दगड ठेव. ‘एंड’, संपलं. एक्स आधी ०, मग १, मग २... थेट ४०. पाढाच तो!

बटण दाबलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळा थर उभा!

हा ‘फॉर’ शब्द कुठून आला, माहीत आहे? १९५० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधले गणिती हाइन्झ रुटिसहाउझर यांनी संगणकासाठी एक भाषा आखली. तिच्यात फेऱ्यासाठी त्यांनी ‘फ्यूर’ हा जर्मन शब्द घेतला. फ्यूर म्हणजे ‘साठी’. पुढे १९५८ साली अल्गोल नावाची भाषा झाली, तिच्यात त्याचा इंग्रजी ‘फॉर’ झाला, आणि तोच पुढच्या कितीतरी भाषांनी उचलला. फेऱ्याची कल्पना तर त्याहून जुनी आहे. १८४३ साली इंग्लंडच्या एडा लवलेस या बाईंनी चार्ल्स बॅबेज यांच्या यंत्रासाठी गणिताच्या पायऱ्या लिहिल्या. त्यांत त्याच त्या पायऱ्या पुन्हा पुन्हा कशा करायच्या, हेही लिहिलं होतं. आणि गंमत म्हणजे ते यंत्र कधी पुरं झालंच नाही! यंत्राच्या आधी त्याचा पाढा तयार होता.

पाढ्याच्या पोटात पाढा

एक थर झाला. पण भिंत पाच थरांची हवी. मग काय, पाच वेळा लिहायचं? छे!

तुमची आई नाहीतर ताई ठिपक्यांची रांगोळी कशी काढते, ते आठवा. एका ओळीत ठिपके देत जाते. ओळ संपली की खाली सरकते आणि दुसरी ओळ. म्हणजे दोन मोजण्या चालतात. आतली मोजणी ठिपक्यांची, बाहेरची ओळींची. बाहेरची एकदा पुढे सरकते, तेवढ्यात आतली पुरी होते. भिंतही तशीच:

फॉर वाय = १, ५ डू
  फॉर एक्स = ०, ४० डू
    दगड_ठेव(एक्स, वाय, ०)
  एंड
एंड

बाहेरचा पाढा पाच थरांचा, आतला एका थराचा. चार-पाच ओळींत अख्खी भिंत!

भिंतीवर चर्या हव्यात. चर्या म्हणजे तटाच्या माथ्यावर दिसणारे ते दात: एक दगड, एक खाच, एक दगड, एक खाच. त्यासाठी फेऱ्याला तिसरा आकडा देता येतो, ‘किती किती नं उडी मार’ हे सांगणारा. ‘फॉर एक्स = ०, ४०, २’. शून्य, दोन, चार, सहा... एक सोडून एक. सहाव्या थरावर हे चालवलं आणि किल्ल्याला रुबाब आला.

‘‘शत्रू आत!’’

आता एक प्रश्न. शून्य ते चाळीस, किती दगड झाले?

‘‘चाळीस!’’ माझा सगळा वर्ग ओरडला होता. तुम्हीही ओरडलात ना?

मोजा बरं. शून्याचा एक दगड, मग एक ते चाळीसचे चाळीस. झाले एक्केचाळीस! पाच थरांचे दोनशे पाच.

शेताला तारेचं कुंपण करताना घरचे लोकही इथंच फसतात. चाळीस मीटरची बाजू, दर पाच मीटरवर एक खांब. चाळीस भागिले पाच, आठ. म्हणून आठ खांब आणले की शेवटचं टोक मोकळंच! कारण आठ असतात ती खांबांमधली अंतरं. खांब लागतात नऊ.

आमच्याकडे याचा मोठा तमाशा झाला. मी दोन गट केले आणि मागची भिंत दोघांना वाटून दिली. पहिल्या गटानं लिहिलं ० ते १९. दुसऱ्यानं लिहिलं २१ ते ४०. दोघांनी हिशेब केला, ‘‘आमचे वीस, तुमचे वीस. झाले की चाळीस!’’ हिशेब तंतोतंत जुळला. दोघं खूश, मीही खूश.

बटण दाबलं. भिंत उभी राहिली. आणि बरोबर मधोमध, पायापासून वरपर्यंत, एक ठोकळा रुंदीची फट! विसाव्या दगडाला कुणीच वाली नव्हता. एका मुलीनं आपला खेळगडी त्या फटीतून सरळ आत नेला आणि ओरडली, ‘‘शत्रू आत!’’

वर्ग हसून हसून लोळला. पण तुम्ही एक लक्षात घ्या. हातानं बांधताना एक दगड राहिला असता तर एकच राहिला असता. इथं एका आकड्याची चूक पाचही थरांत उतरली. गोष्टीतला सांगकाम्या तुम्हाला ठाऊक आहे. सांगितलं तेवढंच करायचं, त्यात डोकं म्हणून चालवायचं नाही. संगणक हा असा सांगकाम्या आहे, आणि तोही न थकणारा. तुमचं शहाणपण तो हजार वेळा करतो, तशी तुमची चूकही हजार वेळा करतो. इमानेइतबारे!

माझी चूक

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगायला मला जरा जड जातं. पण चूक सरांची असली तरी ती सांगायला पाहिजे.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. फार बोलत नाही. दिवाळी झाली की त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि तोही बरोबर जातो. लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते, घोड्यांच्या बाजारासाठी ती लांबवर प्रसिद्ध आहे. ती भरते मार्गशीर्षात. तेव्हा हा मुलगा कुठल्यातरी उसाच्या फडात असतो. यात्रा इतकी जवळ, पण त्यानं ती एकदाच पाहिली होती, अगदी लहान असताना.

किल्ल्यापुढच्या मोकळ्या मैदानात त्यानं ती यात्रा बांधायला घेतली. देऊळ, दुकानं, आकाशपाळणा, घोडे बांधायच्या दावणी. सगळं हातानं, एकेक ठोकळा ठेवून. तीन शनिवार तो त्यावरच होता. मुलं आपला नंबर त्याला द्यायची. असा नंबर मुलं कुणाला देत नाहीत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको!

दिवाळीच्या सुट्टीला आठच दिवस राहिले होते. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी एकटा बसलो. मनात आलं, मुलांसाठी खंदक खणून ठेवू. लुआंटीत खणायचं म्हणजे काय? तर दगडमातीच्या जागी ‘हवा’ नावाचा ठोकळा ठेवायचा. मी तीन फेरे लिहिले, एकाच्या पोटात एक. आडवं -१० ते ५०, म्हणजे एकसष्ट. खोली -३ पासून वरचे उंचवटेही जावेत म्हणून ३ पर्यंत, म्हणजे सात. आणि पुढे १ ते १०, म्हणजे दहा.

एकसष्ट गुणिले सात गुणिले दहा. चार हजार दोनशे सत्तर ठोकळे. बेत ठीक होता.

पण दहा लिहिताना माझ्या हातून एक शून्य जास्त पडलं. शंभर झाले. बेचाळीस हजार सातशे ठोकळे!

मी बटण दाबलं. यंत्र क्षणभर अडखळलं. मग समोर भलामोठा खड्डा. मैदान नाही, दुकानं नाहीत, दावणी नाहीत. तीन शनिवारांची यात्रा हवा झाली होती. लुआंटीत दगड आपोआप खाली पडत नाही. त्यामुळे वरच्या थरातला देवळाचा कळस आणि आकाशपाळण्याची वरची अर्धी कमान तेवढी अधांतरी लटकत राहिली. ते दृश्य मी विसरणार नाही.

त्या जगाची प्रत मी काढून ठेवली होती का? नव्हती.

अशा फेऱ्यांनी भल्याभल्यांची फजिती केली आहे. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये कुणीतरी सेकंड लाइफमध्ये सोनेरी कड्या सोडल्या. त्या स्वतःसारख्या आणखी कड्या करत, त्या कड्या आणखी कड्या करत. बघता बघता त्यांचा एवढा सुळसुळाट झाला की कंपनीला त्या जगात शिरायचा रस्ता काही वेळ बंद ठेवावा लागला. तिथं नवी वस्तू निर्माण करण्याच्या आज्ञेला दर वेळी सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं थांबावं लागतं. घाईत असलेल्या सांगकाम्याला लावलेला हा लगामच. पण ती कंपनी होती, तिच्याकडे माणसं होती. माझ्याकडे होता तो उद्याचा दिवस आणि तो मुलगा.

चढायचं की उतरायचं?

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं. माझ्या चुकीनं तुझी यात्रा गेली. तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत खेळायलाही गेला नाही.

शाळा सुटताना आला. म्हणाला, ‘‘सर, देऊळ मला तोंडपाठ हाय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘खाली सात, मग पाच, मग तीन, मग एक. सगळीकडून तेवढंच.’’

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. अरे, हा तर फेरा आहे! तीन शनिवार एकेक ठोकळा ठेवून त्याच्या हाताला देवळाचा पाढा पाठ झाला होता. संगणकाच्या भाषेचं एक अक्षर न लिहिता त्यानं फेऱ्यातलं सगळं सांगून टाकलं होतं. सुरुवात कुठं, शेवट कुठं, उडी केवढी आणि दर वेळी करायचं काय.

आम्ही दोघं बसलो. मी लिहिलं:

फॉर रुंदी = ७, १ डू
  चौकोन_ठेव(रुंदी)
एंड

‘चौकोन_ठेव’ म्हणजे तेवढ्या रुंदीचा चौरस थर ठेवायचा आणि एक पायरी वर चढायचं. बटण दाबलं. काहीच झालं नाही! चुकलं म्हणून तक्रारही नाही. यंत्र आपलं गप्प.

तो बराच वेळ ओळीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, ‘‘सर, सातावरनं उतरायचंय ना? तुम्ही उतरायचं सांगितलंच नाही.’’

पोरगं बरोबर होतं. लुआमध्ये उडीचा आकडा दिला नाही, तर एकेक करून वर चढायचं असं ती धरून चालते. सातावरून चढत एकावर कसं पोचणार? म्हणून फेरा सुरूच होत नाही. त्यानं स्वतः खडू घेतला आणि एकाच्या पुढे लिहिलं, उणे दोन.

फॉर रुंदी = ७, १, -२ डू

सात, पाच, तीन, एक. एकोणपन्नास, पंचवीस, नऊ आणि एक, एकूण चौऱ्याऐंशी ठोकळे. तीन शनिवारांतलं देऊळ एका क्षणात पुन्हा जागेवर उभं राहिलं. आणि वर्गात कधी फार न बोलणारा तो मुलगा एवढ्या मोठ्यानं ‘‘येळकोट!’’ ओरडला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या.

पुढच्या आठ दिवसांत त्यानं दुकानांची रांग सांगितली, दावण्या सांगितल्या. तो सांगायचा, बाकीची मुलं फेरे लिहायची. आकाशपाळणा मात्र फेऱ्यात बसेना, कारण तो गोल. तो त्यानं पुन्हा हातानंच केला. सगळंच काही फेऱ्यात बसत नाही, दोस्तांनो. जे एकसारखं येतं तेच बसतं.

वहीतलं पान

दिवाळीनंतर तो गेला. जाताना त्याच्या वहीत एक पान होतं. त्यावर देवळाच्या, दुकानांच्या आणि दावण्यांच्या आज्ञा त्याच्याच अक्षरात. फडात संगणक नव्हता. पण संगणक लागतो तो फेरा चालवायला. समजायला आणि लिहायला तो लागत नाही. एडा लवलेसकडे तरी कुठं होता?

मार्गशीर्षात यात्रा भरली, तेव्हा मुलांनी शाळेतल्या संगणकावर त्याचं देऊळ उभं केलं आणि त्याच्यापुढे हात जोडले. मी रागावलो नाही.

उन्हाळा लागता लागता तो परत आला. मधल्या काळात आमचा संगणक बिघडून नव्यानं भरावा लागला होता, आणि जुनं जग त्यात गेलं होतं. मी त्याला सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं दप्तरातून ते पान काढलं. घडीवर फाटलेलं, कडेला काळं झालेलं. खुर्चीवर बसला आणि एकेक अक्षर शोधून टाइप करू लागला. मुलं भोवती उभी होती. कुणी घाई केली नाही.

फॉर... रुंदी... सात... एक... उणे दोन.

देऊळ उभं राहिलं. दुकानं उभी राहिली. आकाशपाळणा राहिला होता, तो करायला त्याला मुलांनी लगेच आपला नंबर दिला.

म्हणून सांगतो, फेरा हे आळशी माणसाचं काम नव्हे. ज्यानं एकदा तरी ते काम हातानं नीट केलंय, डोळे उघडे ठेवून केलंय, त्यालाच त्यातलं ‘तेच ते’ दिसतं. ज्याला ते दिसतं, त्याला ते लिहिता येतं. आणि एकदा लिहिलेलं संगणक बिघडला, लाइट गेली, गाव सुटलं, तरी जात नाही. तुमच्याही हातांना असं काहीतरी पाठ असणार. कापसाच्या ओळी, गोधडीचे टाके, विटांचे थर, फुलांचे गजरे. शोधा बरं!

करून पाहा

संगणक नसला तरी चालेल. पाटी घ्या, नाहीतर अंगणात काडीनं लिहा.

१. ‘फॉर एक्स = ५, २५, ५’ हा फेरा किती वेळा फिरेल?

२. चाळीस दगड लांबीच्या चार भिंतींचा चौकोनी कोट बांधायचा आहे. कोपऱ्यातला दगड दोन्ही भिंतींचा असतो. एका थराला किती दगड लागतील?

३. ‘१५ ते ८’ ठिपक्यांच्या रांगोळीत मधली ओळ १५ ठिपक्यांची असते. वर आणि खाली दोन्हीकडे एकेक ठिपका कमी होत शेवटची ओळ ८ ची होते. एकूण ठिपके किती? आणि वरच्या अर्ध्या भागाचा फेरा कसा लिहाल?

४. सेकंड लाइफच्या भाषेत फेरा जरा वेगळा असतो. तिथं ‘आय शून्यापासून सुरू, आय दहापेक्षा लहान आहे तोवर, दर वेळी आयमध्ये एक मिळव’ असे तीन भाग द्यावे लागतात. हा किती वेळा फिरेल? आणि तिसरा भाग लिहायला विसरलात, तर काय होईल?

आधी स्वतः सोडवा, मगच खाली बघा. मी बघतोय हं!

उत्तरे: (१) पाच वेळा. (२) १५६. चार चोक सोळा, म्हणजे १६० मधून दोनदा मोजलेले चार कोपरे वजा. (३) १६९. वरच्या भागाचा फेरा ‘१४, ८, -१’. (४) दहा वेळा, शून्य ते नऊ. तिसरा भाग विसरलात तर आय शून्यच राहील, शून्य दहापेक्षा कायम लहानच, आणि सांगकाम्या फिरतच बसेल!

आणि हो, मोठा फेरा चालवण्याआधी दोन गोष्टी करायच्या. जगाची एक प्रत काढून ठेवायची आणि शून्यं मोजायची. हे मात्र आमच्याकडून शिका!